गॅसशिवायचे लाडू

इंदूरमध्ये भंवरकुआला मी ज्या पीजीमध्ये राहते, तिथे खोलीत गॅस, इंडक्शन, हीटर काहीही चालत नाही. आंटींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पाण्याची किटली तेवढी ठेवू देतात. व्हरांड्यात आठ मुलींमध्ये एक फ्रीज आहे, त्यातला दारातला एक कप्पा माझा.

राज्यसेवेचा क्लास दुपारी दोन ते सात. मेसचं ताट साडेनऊला लागतं. मधल्या अडीच तासांत खाली रस्त्यावर कचोरी, समोसा, साबूदाणा खिचडी, जे गरम दिसेल ते. रात्री अकराला वाचायला बसलं की पुन्हा भूक, मग सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे. या शहरात खाण्याची ददात कधीच नसते आणि मला ते सगळं मनापासून आवडतंही. पण रोज दोन वेळा तळलेलं खाऊन दोन महिन्यांत छातीत जळजळ सुरू झाली, आणि कचोरीनंतर पुस्तक उघडलं की डोळे मिटायला लागले. आई बुऱ्हाणपूरहून डिंकाचे लाडू पाठवायची. पण खोलीत आम्ही तिघी. डबा आठवडासुद्धा पुरत नसे. इच्छापूर रस्त्याने कुणी येणारं-जाणारं भेटलं तरच पुढचा डबा. तेव्हा ठरवलं, चुलीशिवाय जे वळता येईल ते आपणच वळायचं.

पहिल्यांदा केळं वापरलं. केळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बुऱ्हाणपूरची मुलगी म्हटल्यावर डोक्यात आधी केळंच येणार. पिकलेली दोन केळी कुस्करली, त्यात ओट्स आणि दाण्याचं कूट घालून लाडू वळले. त्या संध्याकाळी छान लागले. दुसऱ्या दिवशी काळे पडले, तिसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर आंबूस वास आला. ते टाकून द्यावे लागले.

दुसऱ्यांदा कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून खजूर आणला. स्वस्त होता, पण कडक, सुरकुतलेला. चाकूने चिरून ओट्समध्ये कितीही मळला तरी मूठ उघडली की सगळा भुगा. मग मध घातला. एक चमचा, दोन, चार. शेवटी वळले गेले खरे, पण हाताला, डब्याला, एकमेकांना चिकटणारे आणि घशाशी येईल इतके गोड.

तिसऱ्यांदा तोच खजूर किटलीतल्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवला. काय मऊसूत झाला होता! लाडू सुरेख वळले, मी फोटो काढून आईला पाठवले. ऑगस्ट होता, पाऊस चालू होता. चौथ्या दिवशी एका लाडवावर पांढरी लव दिसली. पुसून खावं असा विचार क्षणभर आला, पण बुरशी वरवर दिसते त्याहून आत गेलेली असते. सगळा डबा रिकामा केला. त्यात बदाम होते, आणि महिन्याच्या पैशांतून बदाम आणायचे म्हणजे काय ते पीजीत राहणाऱ्यांना माहीत आहे. त्या रात्री फार वाईट वाटलं.

रविवारी सुदामानगरला मावशीकडे गेले तेव्हा हे सगळं तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अगं, डिंकाचा लाडू महिनाभर कसा टिकतो? आई सगळं भाजते, तळते, पाण्याचा थेंब लागू देत नाही. तू आधी पाणी पाजतेस आणि मग टिकला नाही म्हणतेस."

माझी अडचण नेमकी इथे सुटली. खजुरात साखर इतकी दाट असते की ती त्याला स्वतःला टिकवते. पाणी घातलं की ती पातळ होते, आणि आंबायला, बुरशी धरायला वाट मोकळी होते. केळ्यात तर पाणीच पाणी. म्हणजे खजूर मऊ करायचा तो पाण्याने नाही, उबेने. मावशीने आणखी एक सांगितलं, खजुरावर पैसे वाचवू नकोस, बाकी कशावरही वाचव.

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघी सियागंजला गेलो. स्टेशनजवळचा हा ठोक बाजार मला एरवी नकोसा वाटतो, हातगाड्या अंगावर येतात, पण किराणा आणि मेवा इथेच घ्यावा. दुकानदार काकांनी तीन-चार तऱ्हेचे खजूर पुढे ठेवले. मी सवयीने चकचकीत दिसणाऱ्याकडे हात नेला, तर ते म्हणाले, "बेटा, लड्डू के लिए ये नहीं, दबा के देखो." काळा, मऊ, डबीत बंद येणारा खजूर दाखवला. बोटाने दाबला की दबतो, साल गराला धरून असते, वर साखरेचे पांढरे कण नसतात. किमियाच्या नावाने मिळतो तो हा. मेडजूल त्याहून मोठा आणि मांसल, पण माझ्या खिशाबाहेरचा. काकांनी एक फोडून खायला दिला आणि "बीज पे ध्यान देना" म्हणाले. ते ध्यान देणं फार महत्त्वाचं आहे. प्रत्येक खजूर उभा चिरून आत बघावा, कधीकधी बीजवळ काळी भुकटी किंवा कीड असते. न बघता सगळे एकत्र मळले तर मग काही करता येत नाही.

मिक्सर माझ्याकडे नाही. मावशीने तिचा जुना लोखंडी खलबत्ता दिला. खाली जाड टॉवेलाची घडी घालून दुपारी कुटते, रात्री आवाज होतो. आता वाटतं, मिक्सर नाही ते बरंच झालं. मावशीकडे एकदा करून पाहिले होते. मिक्सर जरा जास्त फिरला की भांडं तापतं, दाण्यांचं तेल सुटतं, खजुराचा गोळा पात्यांना चिकटून बसतो. खलबत्त्यात दाणा कुठवर कुटला गेला ते हाताला कळतं.

माझं प्रमाण वजनाचं आहे, मावशीच्या काट्यावर बसवलेलं. बिया काढून २०० ग्रॅम खजूर. ७५ ग्रॅम भाजलेले दाणे, ७५ ग्रॅम फुटाणे, ५० ग्रॅम ओट्स, २५ ग्रॅम बदाम, भाजलेले तीळ आणि भाजलेली जवस २०-२० ग्रॅम, चिमूटभर मीठ. वेलची आवडीप्रमाणे. मीठ वगळू नका, त्याच्याशिवाय खजूर नुसता गोड लागतो.

भाजायची सोय नाही म्हणून सगळं भाजलेलंच विकत घेते. दाणे आणि फुटाणे भडभुंज्याकडचे, शक्यतो त्याच दिवशीचे. भाजलेली जवस मुखवासाच्या दुकानात मिळते, फक्त मीठ-मसाला न लावलेली मागायची. जवस अख्खी घातली तर तशीच पोटातून निघून जाते, म्हणून कुटायलाच हवी. पण कुटलेली जवस लवकर खवट होते, तेव्हा लागेल तेवढीच, त्याच दिवशी. ओट्सबद्दल मला भीती होती की कच्चे कसे खायचे. डब्यातले चपटे ओट्स कारखान्यात वाफवून दाबलेले असतात, म्हणून न शिजवता चालतात. बेसनाचं आणि कणकेचं तसं नाही. खोलीतली एकजण म्हणाली होती, थोडं बेसन घाल, घट्ट होईल. कच्चं पीठ पोटाला बाधू शकतं, म्हणून नको म्हटलं. फुटाण्याचं पीठ तेच काम करतं आणि ते आधीच भाजलेलं असतं. सुरुवातीला मी सगळे ओट्सच घालायचे, पण कुटून ते नीट बारीक होत नाहीत आणि लाडू चावताना दाताला चिवट लागतात. निम्म्याहून जास्त जागा फुटाण्यांना दिल्यापासून चव आपल्या घरची झाली.

आधी फुटाण्यांची साल चोळून पाखडते आणि त्यांचं बारीक पीठ करते. मग दाणे, सालं फुंकून. निम्मे दाणे जाडसर ठेवते, निम्मे तेल दिसायला लागेपर्यंत कुटते, कारण बांधणीत खजुराला मदत करतं ते हे तेल. बदाम फक्त चाकूने बारीक कापते. ओट्स ताटात पसरून गच्चीवर तासभर उन्हात ठेवते, कुरकुरीत होतात. पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा ओट्सचं नवं पाकीट फोडते.

आता खजूर. चिरलेला, बिया काढलेला खजूर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचा. पातेल्यात किटलीतलं उकळतं पाणी ओतून त्यात डबा अर्धा बुडेल असा वीस मिनिटं ठेवायचा. डबा बाहेरून खडखडीत पुसूनच झाकण उघडायचं. खजूर आत गरम, लुसलुशीत होतो आणि पाणी त्याला शिवतही नाही. तो गरम असतानाच खलबत्त्यात चार-पाच वेळा ठेचला की लगदा होतो. कोरड्या परातीत बाकी सगळं मिसळून ठेवलेलं असतं, त्यावर हा लगदा घालून तळहाताच्या टाचेने मळायचं. पहिली पाच मिनिटं वाटतं, हे एकत्र येणारच नाही. येतं. पुरणाला वेळ द्यावा तसा याला द्यायचा.

मूठ दाबून उघडायची. गोळा राहिला पाहिजे आणि हाताला फक्त किंचित तेलकटपणा आला पाहिजे. भुगा होत असेल तर आणखी एक-दोन खजूर, पाणी किंवा दूध कधीच नाही. चिकटत असेल तर चमचाभर फुटाण्याचं पीठ. मग परात झाकून अर्धा तास बाजूला ठेवते. तेवढ्यात ओट्स आणि पीठ खजुराचा ओलावा ओढून घेतात आणि वळणं सोपं होतं. ही अर्ध्या तासाची गोष्ट मला सहाव्या-सातव्या खेपेला कळली, आधी कळली असती तर किती भुगा वाचला असता.

साधारण २० ग्रॅमचा एक, म्हणजे लिंबाहून थोडा लहान. एवढ्यात २३ होतात. फ्रीजमध्ये दोन आठवडे उत्तम राहतात. थंडीत बाहेर आठवडाभर ठेवून पाहिले, काही झालं नाही. सुक्या खोबऱ्याचा कीस वरून लावला तर देखणे दिसतात. ओलं खोबरं मात्र नाही, त्याने पुन्हा तीच बुरशीची कथा.

एका गोष्टीत मी चुकत होते. पौष्टिक आहेत म्हणून वाचता वाचता पाच-सहा खायचे. मग एका रात्री बसून हिशेब केला. एका लाडवात ८०च्या आसपास कॅलरी, प्रथिनं जेमतेम अडीच ग्रॅम, आणि एकट्या खजुराची साखर पाच ग्रॅमच्या वर, म्हणजे चहाचा सढळ चमचा. साखर घातलेली नाही हे खरं, पण साखर नाही हे खरं नाही. सहा लाडू म्हणजे पावणेपाचशे कॅलरी, एक जेवणच. तेव्हापासून क्लासहून आल्यावर दोन आणि रात्री एक, वर भरपूर पाणी. सकाळचे पोहे मी सोडलेले नाहीत आणि सोडणारही नाही. छातीतली जळजळ महिन्याभरात कमी झाली. रात्री साडेबारापर्यंत जागं राहायला आता डोळ्यांवर पाणी मारावं लागत नाही.

मावशीला साखरेचा त्रास आहे. तिनेच शिकवलेले लाडू, आणि तिलाच विचारावं लागलं, "मला चालेल का गं एखादा?" मला हो म्हणवेना. बाहेर कितीतरी ठिकाणी असे लाडू मधुमेहींसाठी म्हणून विकायला ठेवलेले मी पाहिलेत, आणि मावशीचा विचार येऊन पोटात कालवतं. तिने तिच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आकार आणि प्रमाण विचारून, कधीतरी एक, तोही बाकीच्या खाण्यातून वजा करून, असं सांगितलं. आता तिच्यासाठी मी सुपारीएवढे वेगळे वळते. त्यात खजूर निम्मा, दाणे आणि तीळ जास्त. ते नीट बांधले जात नाहीत, हातात धरले की फुटतात. ती वाटीत घेऊन चमच्याने खाते.

येत्या रविवारी पुन्हा खजूर आणायचाय. खोलीतल्या दोघींनीही वर्गणी दिली आहे, म्हणून या वेळी अर्धा किलो. मावशीच्या वाटणीचे आधी वळून वेगळ्या डबीत ठेवीन, बाकीचे मग.