भूक लागली की सांगा

आमच्या घरात पित्त सगळ्यांना आहे. सासूबाईंना होतं, नवऱ्याला आहे, मुलाला परीक्षेच्या आदल्या दिवशी होतं आणि मला गेली वीस वर्षं आहे. घशाशी आलं की पित्त, डोकं दुखलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की आमसूल चोळायचं, कारण तेही पित्तच. त्यामुळे 'तुमची प्रकृती कोणती' असं कुणी विचारलं तर मी विचार न करता पित्त सांगते. भाचीने मोबाईलवर एक प्रश्नावली भरून घेतली, तिचाही निकाल तोच लागला. खायचं ते काकडी, धने, तूप, नारळपाणी. टाळायचं ते टोमॅटो, मिरची, लसूण, दही. मी तो तक्ता फ्रिजवर चिकटवला आणि सहा महिने घरादाराला जेरीस आणलं.

केरळातल्या वैद्यांनी तो तक्ता हातातही घेतला नाही. "महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक पेशंट मला पित्त म्हणूनच सांगतो," ते म्हणाले. "आता सांगा, स्वप्नं कसली पडतात?"

पण त्याआधी तिथे पोचलो कसे ते सांगते. जुलैअखेर, मी आणि वन्सं. वन्संचे गुडघे आणि माझ्या कोपरांवरचे, खाजून खाजून लाल झालेले चट्टे, असं दुहेरी निमित्त. पनवेलहून नेत्रावती एक्स्प्रेस. पावसाळी वेळापत्रक, त्यात आणखी उशीर, वन्संनी बांधून आणलेल्या पोळ्या आणि तिळाची चटणी. कोकण आलं नि गेलं, खिडकीतून फक्त हिरवं आणि ओलं दिसत होतं. त्रिशूरला उतरलो.

रुग्णालयातली जागा सोमवारपासून मिळणार होती. म्हणून मधल्या दोन रात्री समुद्रकाठच्या एका हॉटेलात काढल्या, आणि पैसे वाया घालवले. तिथल्या बुफेत तीन टेबलं होती आणि त्यांवर तीन पाट्या : वात, पित्त, कफ. लोक बशी घेऊन तिन्हीकडे फिरत होते. एका गृहस्थांनी पित्ताच्या टेबलावरची खीर, वाताच्या टेबलावरची खिचडी आणि कफाच्या टेबलावरचं लोणचं एकाच ताटात घेतलं. वन्सं म्हणाल्या, "हे त्रिदोषनाशक ताट." तिथल्या शिरोधारेबद्दल (कपाळावर तेलाची धार सोडतात ती) एवढंच सांगते की ती चालू असताना पाठीमागे बासरीची रेकॉर्ड अडकली होती.

रुग्णालय मात्र अगदी साधं होतं. भारतपुळा नदी, जिला तिथे प्रेमाने निळा म्हणतात, तिच्या काठापासून चालत पाच मिनिटांवर. पावसाने नदी भरली होती. चेरुतुरुत्ती जवळच, जिथे कवी वळ्ळत्तोळांनी १९३० साली स्थापन केलेलं कथकलीचं कलामंडलम आहे. पंधरा दिवस राहिले आणि ते बघितलं नाही, याची चुटपुट अजून आहे. वारा लागू द्यायचा नाही, दुपारी झोपायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. शेवटचा नियम वन्संसाठी फारच अवघड होता.

आम्ही गेलो तो मल्याळी कर्किडकम महिना होता, म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. पूर्वी शेतीची कामं थांबलेली, घरात धान्य संपत आलेलं, बाहेर धो धो पाऊस, असा हा ओढगस्तीचा महिना. संध्याकाळी घराघरांत जुने मल्याळी कवी एळुत्तच्छन यांचं रामायण वाचतात. त्याचा सूर पावसातून ऐकू यायचा. औषधी कांजी प्यायची ती याच महिन्यात आणि अंगाला तेल लावून घ्यायचं तेही याच महिन्यात. पावसाळ्यात जठराग्नी मंदावतो आणि वात चढतो, हे आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याचं म्हणणं. केरळचे वैद्य त्याच्या अष्टांगहृदयाला फार मानतात. आपल्याकडे चातुर्मासात आजी वांगं-कांदा बंद करायची. तिला कुणी कारण विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

तर स्वप्नं. मला गाडी चुकल्याची स्वप्नं पडतात. फलाटावर धावतेय, डबा पुढे जातोय. वैद्यांनी ते लिहून घेतलं. मग चाल भरभर आहे का, हातपाय गार पडतात का, बोलताना विषय सुटतो का (यावर वन्सं जोरात हसल्या), जेवण चुकलं तर चिडचिड होते का, पोट रोज साफ होतं का. पाऊण तास तरी गेला असेल. निष्कर्ष असा निघाला की माझी प्रकृती वातप्रधान, जोडीला पित्त. प्रकृती म्हणजे जन्मापासूनचा पिंड, तो बदलत नाही. आज बिघडलंय ते वेगळं, त्याला विकृती म्हणायचं आणि औषध त्यावर करायचं. घशाशी येणारं आंबट पाणी विकृतीतलं. मी सहा महिने आजाराला स्वभाव समजून काकडी खात होते, आणि वातूळ पिंडात ती गार काकडी घालून पोट आणखी फुगवत होते.

तक्त्यातल्या टोमॅटोबद्दल मी तरीही विचारलं. ते म्हणाले, वाग्भटाला टोमॅटो माहीत नव्हता. मिरची आणि बटाटाही नव्हता. ही सगळी पोर्तुगीज आल्यानंतरची पाहुणी मंडळी. जुन्या ग्रंथांत तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, सुंठ. टोमॅटो कोणत्या दोषाचा, हे नंतरच्या लोकांनी चवीवरून लावलेलं अनुमान आहे. ते बरोबर असेल, चूकही असेल, पण ग्रंथात आहे असं म्हणून फ्रिजवर लावू नका.

मग त्यांनी विचारलं, पंधरा वर्षांच्या होईपर्यंत काय खाल्लंत? मी सोलापूरकडची. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तुरीचं वरण. लग्न होऊन चिपळूणला आले तेव्हा भात-आमटी अंगवळणी पडायला दोन वर्षं लागली. त्यांनी 'ज्वारी' हा शब्द अधोरेखित केला. सात्म्य म्हणजे सवयीने अंगाला मानवलेलं अन्न, आणि ते प्रकृतीइतकंच बघावं लागतं, म्हणे. हे मला कोणत्याही प्रश्नावलीने विचारलं नव्हतं.

पहिले दोन दिवस आम्ही दोघी एका टेबलावर दोन वेगळ्या जगांत जेवलो. वन्सं कफाच्या. त्यांना कुळथाचं कढण, कारल्याची भाजी, जेमतेम मूठभर भात आणि सुंठेचं पाणी. मला मुगाचं वरण, कोहळ्याची भाजी, वर तूप. वन्संनी शेवग्याच्या पाल्याची भाजी मागितली तर स्वयंपाकघरातल्या चेचीने (चेची म्हणजे ताई) कानावर हात ठेवले, कर्किडकममध्ये तो पाला खात नाहीत. कुळीथ मात्र त्यांना आयताच मिळाला. चिपळूणच्या बाईला पथ्य म्हणून कुळीथ देणं म्हणजे शिक्षा म्हणून सुट्टी देण्यासारखं. त्या भुरके मारत होत्या आणि मी चहाच्या आठवणीने कपाळ दाबून बसले होते.

कबूल करते, दुसऱ्या दिवशी मी नदीकडच्या टपरीवर बारा रुपयांचा चहा प्यायले. मालिश करणाऱ्या चेचीने पाहिलं आणि काहीच बोलली नाही. संध्याकाळी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघता बघता विचारलं, "दुधाचा की बिनदुधाचा?"

तिसऱ्या दिवशी स्नेहपान, म्हणजे औषधी तूप पिणं, सुरू झालं. सकाळी साडेसहाला, रिकाम्या पोटी, महातिक्तक घृत. नावातच तिक्त, म्हणजे कडू, आहे, पण नावाने तयारी होत नाही. कडुनिंब चावून वर कोमट तूप गिळावं तसं काहीसं. पहिल्या दिवशी ३० मिली, मग ६०, मग १००. अंग स्निग्ध झाल्याची लक्षणं दिसेपर्यंत रोज वाढवत न्यायचं, पण सात दिवसांच्या वर नाही, कारण त्यानंतर तूप शरीराच्या सवयीचं होतं आणि औषध उरत नाही. वर गरम पाणी घोट घोट प्यायचं. आणि खायचं काय? "भूक लागली की सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग कांजी येईल."

पहिल्या दिवशी मी साडेदहालाच बेल दाबली. त्या आल्या, पोटावर हात ठेवला, ढेकर कसला येतोय विचारलं. तुपाचा येत होता. "ही भूक नाही. घड्याळ बघितलंत तुम्ही." आणि गेल्या. मला राग आला. त्या पंचविशीतल्या, मी बावन्न वर्षांची, आणि मला भूक लागलीय की नाही हे त्या ठरवणार! पण खरंच घड्याळ बघितलं होतं.

तुपाचा तिसरा दिवस, १०० मिलीचा, मी विसरणार नाही. आठ वाजले, मळमळत होतं. नऊ. दहा. झोपायची बंदी, वाचलं की डोकं गरगरायचं. व्हरांड्यात खुर्ची टाकून पाऊस बघत बसले. साडेबाराला वन्संनी आपलं ताट तिथेच आणलं आणि माझ्यासमोर बसून निवांत जेवल्या. कुळथाच्या कढणाला लसणाची फोडणी दिली होती, वास माझ्यापर्यंत येत होता. एरवी त्या वासाने मी उठून ताट वाढून घेतलं असतं. आता नुसतं बघत होते, कुणी विणकाम करताना बघावं तसं. एक वाजला, दोन वाजले. आयुष्यात मी दुपारच्या दोनपर्यंत न जेवता राहिलेय ती फक्त एकादशीला, आणि तेव्हाही साबुदाणा होताच. आमच्याकडे जेवणाची वेळ होते, नाश्त्याची वेळ होते, चार वाजले की काहीतरी तोंडात टाकायचं होतं. नवरा उपाशी राहील म्हणून मी जेवते, मुलगा जेवतोय म्हणून जेवते, उरलंय म्हणून तर नक्कीच जेवते. नुसत्या भुकेसाठी शेवटचं कधी जेवले होते, ते आठवत बसले आणि आठवेना.

पावणेतीनला एक ढेकर आला, त्याला कसलाच वास नव्हता. डोकं हलकं झालं. कौलांवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज मघापासून होता, तो आता स्वच्छ ऐकू यायला लागला. आणि तीन वाजून चाळीस मिनिटांनी ती आली. पोटात खड्डा पडणं म्हणतात तसं काही नाही. बरगड्यांच्या खाली काहीतरी जागं झालं आणि तोंडाला पाणी सुटलं. मी बेल दाबली नाही, उठून स्वतःच सांगायला गेले. स्वयंपाकघर झोपलं होतं, चेचीला उठवावं लागलं. ती न कुरकुरता उठली, उलट खूश दिसली.

वाडग्यात गरम कांजी, मीठ, बाजूला थोडे उकडलेले मूग. चमचा फणसाच्या पानाचा, दुमडून नारळाच्या हिरीने टाचलेला. तांदूळ लालसर, नवरा जातीचा. (हो, नवराच. वन्संनी त्यावर केलेले विनोद इथे देत नाही.) साठ दिवसांत पिकतो म्हणून संस्कृतात षष्टिक. पानाचा हिरवट वास त्या पातळ भातात उतरत होता. मी वाडगा संपवला आणि तळाशी राहिलेली शितं बोटाने पुसून घेतली.

मान वर केली तर वन्सं माझ्याकडे बघत होत्या.

"ही पेज आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"माझ्या आईने तुला तापात दिली होती ना, लग्नानंतरच्या पहिल्या पावसात, तेव्हा तू नाक मुरडलं होतंस. आजाऱ्याचं पाणी म्हणाली होतीस. आई स्वयंपाकघरात येऊन रडली होती."

मला हे माहीतच नव्हतं. तीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं. सासूबाई जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी काही बोलले नाही. वन्संनी वाडगा उचलला आणि मोठ्याने बोलायचं नाही हा नियम मोडून आत हाक मारली, "चेची, आणखी आहे का?" दुसरा वाडगा मिळाला नाही. मोजून मिळायचा.

पाच दिवस तूप, मग मालिश नि वाफ, मग विरेचन, म्हणजे जुलाबाचं औषध. विरेचनाच्या दिवसाबद्दल काही सांगत नाही. त्यानंतर पुन्हा आधी पातळ पेज, मग घट्ट, मग मुगाचं कढण, असं पायरी पायरीने जेवण परत आलं. चट्टे फिके झाले, गेले नाहीत. वन्संचे गुडघे जिना चढताना अजून कुरकुरतात, पण उतरताना नाही, असं त्या सांगतात.

निघताना मिळालेल्या कागदावर माझ्यासाठी मोजक्याच ओळी होत्या. ज्वारीची भाकरी चालू ठेवा, गरम, तूप लावून. रात्री दही नको. आधीचं पचल्याशिवाय पुढचं नको. टोमॅटोचं नाव नव्हतं. फ्रिजवरचा तक्ता मी काढला, त्याचा चिकटपट्टीचा डाग मात्र अजून जात नाही.

परवा रविवारी घरात सगळे एक वाजता पानावर बसले आणि मी बसले नाही. नवऱ्याला वाटलं मी रुसलेय. त्याने मुलाला खूण केली, मुलाने मोबाईल बाजूला ठेवला, दोघं अगदी गोड बोलायला लागले. शेवटी नवऱ्याने बहिणीला फोन लावला, हिला काय झालंय ते विचारायला. फोन स्पीकरवर होता.

"काही झालेलं नाही," वन्सं म्हणाल्या. "जेवा तुम्ही. आणि पेज टाकून ठेव कुकरला, ती तिनाच्या पुढे मागेल."