तुम्ही विचारलंत म्हणून: ती हिरवी बरणी पुन्हा का नाही

"ताई, ती केळीच्या राखेची हिरवी बरणी परत कधी करणार?"

लग्नात विचारतात, भाजीबाजारात विचारतात, परवा जळगावच्या बसस्टँडवर एकीनं माझी पिशवी धरून विचारलं. आजवर मी दिलेली उत्तरं अशी: भट्टीची कॉइल गेली. माती संपली. बघू, आखाजीनंतर. कॉइल खरंच गेली होती, पण त्यानंतर ती दोनदा बदलून झाली आणि तीन आखाज्याही होऊन गेल्या. आता एकदाच सगळं सांगून टाकते. तुम्ही तरीही विचारालच, पण माझं खोटं बोलणं तरी थांबेल.

घड कापल्यावर केळीच्या खांबाचं काय करायचं हे कोडं रावेर-यावलकडच्या प्रत्येक बांधावर पडलेलं असतं, तेव्हा केळीच का हे सांगत बसत नाही. खांब म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. वाळायला दीड महिना, आणि एवढ्या ढिगातून हाती येते घमेलंभर राख. ती चाळायची, बादलीत भिजत घालायची. दुसऱ्या दिवशी वर पिवळट पाणी येतं, फिक्या चहासारखं. त्यात बोट घातलं तर साबणासारखं बुळबुळीत लागतं. ते छान मऊ मऊ नसतं, ते आपलं कातडं विरघळत असतं. पहिल्या वर्षी मी हातमोजे घातले नाहीत. नैसर्गिक वस्तूला हातमोजे कसले! आठवडाभर बोटांची सालं निघत होती आणि भाकरी थापायला बसले की मीठ लावल्यासारखी आग व्हायची.

गंमत अशी, की ते पिवळं पाणी ओतून दिलं तर त्याच्यासोबत पोटॅश जातं, आणि मला पोटॅशच तर हवं होतं. वाळूला कमी आचेवर वितळवून भांड्यावर काचेची झिलई, म्हणजे ग्लेझ, करतं ते तेच. ओतलं नाही, तर बादलीतलं ग्लेझ दर आठवड्याला वेगळं वागतं. पुस्तकी माणसं तीनतीनदा धुतात. मी एकदाच धुतली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माती आपली इथलीच. काळ्या मातीत चुनखड असते हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण तिचा खडा भांड्यात राहिला तर काय होतं ते कुंभारालाच ठाऊक. भट्टीत खड्याचा चुना होतो. भांडं छान बाहेर येतं, तुम्ही त्याचा फोटो काढता, आणि पंधरा दिवसांनी हवेतला ओलावा पिऊन तो चुना फुगतो आणि थाळीच्या पोटातून नखाएवढी ढलपी उडते, खाली पांढरा ठिपका. पावसाळ्यात तर फडताळातून टचटच आवाज यायचे. म्हणून नदीकाठची माती आणून, पातळ कालवून, फडक्यातून गाळून घेते. या मातीला साडेदहाशे अंशांच्या फार वर नेता येत नाही, ती बसते, फुगते. हेही लक्षात ठेवा.

आता ती बरणी.

हिरवा रंग तांब्याचा. कॉपर कार्बोनेट शंभर ग्रॅम ग्लेझला दोन ग्रॅम घातलं तर मुगाच्या सालासारखा फिका हिरवा येतो. मला पोपटाच्या पंखासारखा हवा होता. मी पाच घातलं. भट्टी उघडली तेव्हा आमच्या ह्यांनी मोबाईलची बॅटरी आत मारली आणि दोघंही गप्प झालो, इतका तो रंग होता. खांद्यावरून ओघळून बुडाशी गडद झालेला, राखेच्या शिरांनी थोडा दुधाळ. अशा तेवीस बरण्या केल्या. सोबत छापील चिठ्ठी: 'केळीची राख, तापीची माती, शंभर टक्के नैसर्गिक, शिसेविरहित.' त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. तांब्याबद्दल एकही अक्षर नव्हतं हेही खरं.

पहिली बरणी आत्याला दिली. तिनं दिवाळीनंतर लिंबाचं लोणचं घातलं. तेलाचं नाही, आमच्याकडे करतात तसं नुसतं मिठातलं आणि साखरेचं, रस सुटून मुरणारं. मी गेले ते मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश, आणि तिनं ताटात खिचडीशेजारी दोन फोडी वाढल्या. वाढताना शेजारणीला म्हणाली, "हिनंच केली बरणी. राखेची." मी फोड तोंडात घातली.

जिभेच्या कडेला काहीतरी लागलं. कडू नाही, आंबट नाही. लहानपणी नळाच्या पितळी तोटीला तोंड लावून पाणी प्यायचो ना, तसं. मला वाटलं मीठ जास्त झालं असेल. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. आत्यानंही फोड घेतली, थोडा वेळ घोळवली, आणि अगदी सहज, मीठ कमी पडलंय म्हणावं तशी म्हणाली,

"कळकलं व माय."

मी उठून बरणी उजेडात नेली. बाहेरून तशीच, पोपटाच्या पंखासारखी. आत, रस जिथवर चढला होता तिथवर, ओळीत कापल्यासारखी करडी. चमक गेलेली, बोट फिरवलं तर बारीक खरखर. रेषेच्या वर हिरवं, खाली राखाडी. मधलं तांबं गेलं कुठे हे विचारायची गरज नव्हती. सहा महिने ते घर ते लोणचं खात होतं. आत्या, काका, मुलगा, सून. सुनेला तेव्हा पाचवा महिना होता.

कुणाला काही झालं नाही. हे मी दर वेळी लगेच सांगते आणि सांगताना मलाच त्याचा राग येतो. काही झालं नाही ही माझी कामगिरी नव्हे. सून म्हणाली की तिला चव आवडत नव्हती म्हणून तिनं दोन-तीनदाच खाल्लं. त्या 'दोन-तीनदा'वर मी किती रात्री काढल्या ते तिला माहीत नाही.

आणि सगळ्यात लागलं काय, तर तो शब्द. पाच वर्षं मी ग्लेझमधून धातू कसे उतरतात ते वाचत होते, व्हिडिओ पाहत होते, वहीत टेबलं काढत होते. इथे चौथी शिकलेल्या बाईला एक क्रियापद पुरलं. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्याकडच्या कुठल्या आजीला माहीत नव्हतं? कल्हईवाला गल्लीत यायचा तो काय भांडी चमकवायला? मी तांबं काचेत बसवलं आणि मला वाटलं तीच कल्हई.

मग मी माझी बाजू मांडायला लागले, तीही ऐका. तांब्याच्या लोट्यातलं पाणी तुम्ही सकाळी उपाशीपोटी पिताच की, वर आरोग्य म्हणून चार जणांना सांगता. तांबं म्हणजे शिसं नव्हे. शिशाच्या मानानं ते गरीब: फार पोटात गेलं तर मळमळतं, उलट्या होतात, शिशासारखं लेकरांच्या मेंदूत जाऊन बसत नाही. हे सगळं मी आत्यासमोर बोलून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लोट्यात लिंबू पिळतं का कोणी?"

दोष नेमका कुठे हे नंतर घरी बसून काढलं, आणि तो एका जागी नव्हताच. राख एकदाच धुतली, पोटॅश जास्त राहिलं, वाळूचा भाग कमी पडला. अशी काच भट्टीतून निघते तेव्हा चकाकते, पण खटाईपुढे टिकत नाही. वर तांबं अडीचपट. आणि आच साडेदहाशेची. चिनीमातीची जुनी बरणी, ती पिवळट-तपकिरी, पन्नास वर्षं कैरी खाऊन तशीच राहते, कारण ती बाराशे अंशांच्या वर भाजलेली असते, तिचं अंग आणि झिलई एकजीव झालेले असतात. माझ्या बरणीवर झिलई नुसती पांघरलेली होती.

लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवून सकाळी डाग बघायचा, ही परीक्षा मला माहीत होती. मी ती केलीही होती. दोन ग्रॅम तांब्याचं ग्लेझ लावलेल्या नमुन्याच्या फरशीवर. पाच ग्रॅमची भट्टी उघडली तेव्हा रंग बघून इतका आनंद झाला की परीक्षा राहून गेली. (आणि डाग नाही पडला तरी भांडं पास झालं असं नाही. डाग पडला तर मात्र नक्की नापास.)

तेवीसांपैकी अकरा परत आणल्या, पैसे देऊन. सात जणींनी "आम्ही शोकेसमध्ये ठेवलीय, तिच्यात काही घालत नाही" म्हणून परत दिल्या नाहीत. एक आत्याकडे. चार प्रदर्शनात विकल्या होत्या, ना नाव ना नंबर. त्या कुठे आहेत मला माहीत नाही. हे लिहायचं खरं कारण त्या चार. घरी असेल तर तिच्यात आंबट, खारट, रसाचं काही घालू नका. सुकं ठेवा, नाही तर सरळ मला परत द्या.

आता 'इको-फ्रेंडली'चं. तेव्हाची मी कार्यशाळेत छातीठोक सांगायचे, की निसर्गातून आलं ते निरुपद्रवी. तिला आज विचारावंसं वाटतं: बाई, जुन्या काळचा शेंदूर कुठून आला? शिशाचंच ऑक्साईड ते. नऊशे अंशांच्या आसपास इतकी सुंदर झिलई देतं, की जगभरच्या कुंभारांनी शेकडो वर्षं तेच वापरलं. आणि तुझी विजेची भट्टी? एका भाजणीला पन्नास युनिटं. भुसावळला जाताना दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात ना, त्या कोळशाचा धूर तुझ्या चिठ्ठीवर छापायचा राहिला. आमच्या गल्लीतला कुंभार गोवऱ्या आणि पऱ्हाट्या लावून आवा पेटवतो तेव्हा लोक नाक दाबतात, आणि माझी भट्टी 'स्वच्छ' म्हणून फोटो काढतात. माझा धूर दुसऱ्या गावात निघतो एवढाच फरक.

'मातीचं मातीत मिळतं' हे वाक्यही मी फार वापरलं. मिळत नाही. साधारण सहाशे अंशांच्या पुढे मातीतलं बांधलेलं पाणी कायमचं निघून जातं, मग तिचा चिखल पुन्हा होत नाही. तापीकाठच्या सावळद्याचं नाव ज्या प्राचीन खापरांना मिळालंय, ती चार हजार वर्षांनी अजून जमिनीतून निघतात, चॉकलेटी रंगावर काळी चित्रं तशीच. प्लास्टिकपेक्षा बरं, हो. विष नाही, हो. पण 'मातीत मिळतं' म्हणू नका, मला खोटं पाडायला सावळदा पुरे आहे. त्या खापरांवर ग्लेझ नव्हतं हेही बघा. नुसता मातीचा लेप.

म्हणून हल्ली मी तेच करते. गेरूचा पातळ लेप आणि गारगोटीनं घोटणं. तळहाताएवढी वाटी घोटायला चाळीस मिनिटं, आणि किंमत सांगितली की तुम्हीच म्हणता, "ग्लेझ नाही, तरी एवढे?" परत आणून देता, कारण लिक्विड सोपनं घासली आणि वरणाला साबणाचा वास आला. अहो, ते भांडं पाणी पितं तसा साबणही पितं. राख, नारळाची शेंडी, गरम पाणी. मांडे करायचं खापर तुमच्या आईनं कधी साबणानं घासलं होतं का?

ग्लेझ सोडलं का, तर नाही. बाहेरून करते, पणत्यांना आणि कुंड्यांना. आत बिनरंगी करावं का, यावर माझं माझ्याशीच जमत नाही. टाकणखाराची तयार काच मिळते, शिशाशिवाय, कमी आचेवर बसते. पोत्यावर लिहिलंय तेवढ्यावर विश्वास ठेवायचा तर ठेवता येईल. मीही चिठ्ठीवर लिहिलंच होतं. राखेची बादली अजून मागच्या अंगणात आहे. या वर्षी तीनदा धुतली.

आणि तुम्ही ती हिरवी बरणी बघता कुठे, हे मला माहीत आहे. आत्याच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी. मी मागितली तर दिली नाही. "सुया-बटणं काय कळकतात होय?" म्हणाली. आलेल्या-गेलेल्याला दाखवते, माझ्या भाचीनं केली म्हणते, आणि मग तुम्ही माझी पिशवी धरता.