असा परिवार आहे

पेपर आला की मी आधी आतलं पान उघडतो, निधनवार्तांचं. पन्नाशी उलटली की साताऱ्यात बहुतेकांचं हे होतं. कोण गेलं ते कळेपर्यंत चहा गोड लागत नाही.

त्या चौकटीत सगळे अल्पशा आजाराने जातात. आमच्या शेजारचे काका ९ वर्षं अंथरुणाला खिळून होते, तेही अल्पशा आजारानेच गेले. स्वभाव झाडून सगळ्यांचा मनमिळाऊ. मग सोसायटीचे माजी चेअरमन, निवृत्त शिक्षक, माजी सैनिक. जावळी-पाटणकडचा असेल तर मुंबईत माथाडी म्हणून काढलेली हयात. आणि शेवटी, ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ ही ओळ जितकी लांब, तितकं आयुष्याचं सोनं झालं. परतवंडं असली तर अनोळखी वाचणाराही समाधानाने मान हलवतो. बाईचं त्याहून आटोपशीर: अमक्यांच्या मातोश्री, तमक्यांच्या भगिनी.

थोरली आत्या गेली तेव्हा आतेभाऊ म्हणाला, “दादा, चार ओळी तू लिही.” मी लिहिलं, की आत्या मेढ्याच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि आत शिरल्यावर ती भलत्याच लेकुरवाळीला देऊन स्वतः मेढ्यापर्यंत उभी राहायची. त्याने वाचलं, हसला, डोळे पुसले.

“पण दादा, रुमाल कसा छापायचा?”

त्याजागी ‘धार्मिक वृत्तीच्या होत्या’ आलं. देवळात गेली की आत्या बाहेर सगळ्यांच्या चपला राखत बसायची, ती तिची धार्मिक वृत्ती.

रक्षाविसर्जन संगम माहुलीला झालं. कृष्णा-वेण्णेच्या त्या काठावर १७४९ साली गेलेल्या छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, तशी त्यांच्या कुत्र्याचीही. वाघ चालून आला तेव्हा त्याने महाराजांना वाचवलं, असं सांगतात. ना पद, ना परिवार. ऐन वेळी धावला, एवढ्यावर त्याला दगडात जागा मिळाली.

दुपारी मेढ्याच्या धाकट्या आत्याला बसवून द्यायला स्टँडवर गेलो. गाडी फलाटाला लागायच्या आतच गर्दी दाराशी. आतेभाऊ बोलता बोलता थांबला, खिशातून रुमाल काढला आणि पळत्या गाडीच्या खिडकीतून आत फेकला.