चार्टवर पास, वहीवर नापास

तोच फोन तिसऱ्यांदा माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आला. जॉब-कार्डावर आधीच दोनदा लिहिलेलं होतं: ‘दोष आढळला नाही’. दुसऱ्या वेळची सही माझी.

फोन ज्यांचा, त्या ताई जुन्या हस्तलिखित वह्यांचे फोटो काढून देण्याचं काम करतात. तक्रार एकच: पानाचा मधला भाग लख्ख, शिवणीकडच्या ओळी पुसट. आधीच्या साध्या फोनवर असं कधी झालं नव्हतं.

कॅमेऱ्याचं मॉड्यूल, म्हणजे लेन्स आणि सेन्सरचा जोड, मी बदललं होतं. काच तापवून सैल करायची, कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीनं उचलायचा, लेन्सवर धुळीचा कणही बसू द्यायचा नाही. हे काम मी जीव लावून करतो. मग भिंतीवरच्या तपासणीच्या चार्टचा फोटो. चारही कोपरे धारदार. पास. ‘‘बाईंचा हात हलतो,’’ सीनियर म्हणाले. मला ते पटलं नव्हतं. हात हलला तर सगळं पान पुसट होईल, एकच बाजू कशी? तरी सही केली.

या वेळी म्हटलं, ‘‘ताई, माझ्यासमोर काढा.’’ त्यांनी वही उघडली, फोन वीतभर अंतरावर धरला, आणि उलगडा झाला. आमचा चार्ट सपाट, मीटरभर अंतरावर. त्यांचं पान शिवणीपाशी खोल वळलेलं.

या फोनमध्ये ‘एक इंची’ सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप. प्रत्यक्षात 13.2 × 8.8 मिमी, इंचाचं माप जुन्या कॅमेरा-ट्यूबच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलंय. लेन्सला 23 मिमी म्हणतात ते फुल-फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यातल्या 36 × 24 मिमी सेन्सरच्या हिशेबानं. खरी फोकल लेंग्थ साडेआठ मिमीच्या आत. आधीच्या फोनची जेमतेम 4, सेन्सरही निम्म्याहून लहान. दोन्हींत दृश्य साधारण तेवढंच मावतं, पण मोठ्या सेन्सरवर फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढं धारदार दिसतं तेवढं अंतर, आटते. वीतभरावर ती सेंटिमीटरभर उरते. रात्रीच्या फोटोंसाठी ज्याची वाहवा होते, तेच इथे नडतं. आणि लेन्सचं भोक, अ‍ॅपर्चर, लहान केलं की ही खोली वाढते, पण या फोनचं कॅमेऱ्यासारखं f/8 पर्यंत मिटत नाही.

मी फोन दुप्पट उंच धरून 2x झूम लावलं. सेन्सरचा मधला तुकडाच वापरला जातो, 50 पैकी साडेबारा मेगापिक्सेल. पण खोली दुप्पट होते. शिवणीतली शेवटची ओळ वाचता आली.

ताई बराच वेळ स्क्रीनकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘आधीच्या वह्या तर मी परत दिल्या.’’

मला काही बोलता आलं नाही. कार्डावर दोनच चौकटी आहेत, दोष आहे आणि दोष नाही. दोन्ही कोऱ्या ठेवून मी समासात लिहिलं: ‘40 सेमी, 2x’.