दुपारच्या लोडचे डाग

हॉस्पिटलच्या लाँड्रीत रक्ताचे कपडे हे रोजचंच काम, त्याचं कुणाला काही वाटत नाही. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या चादरी, ड्रेप (ऑपरेशनच्या वेळी पेशंटवर पसरायचं कापड), गाऊन, लेबर रूमच्या चादरी, सगळं भरून येतं आणि धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन परत जातं. मी नागपुरात एका मोठ्या हॉस्पिटलची लाँड्री सांभाळतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस, लागायच्या जरा आधीची गोष्ट आहे, पारा ४५ च्या वर गेलेला, आणि सकाळी सकाळी ओटीच्या इन्चार्ज सिस्टरांचा फोन आला, "भाऊ, जरा वर या, आत्ताच." वर गेलो तर टेबलावर आमच्याकडून गेलेल्या धुतलेल्या चादरींची थप्पी, आणि एकेक उघडून दाखवली तर तपकिरी डाग, कडेला गडद रेघ, आत फिकट. सिस्टर म्हणाल्या उद्याची ऑपरेशनची लिस्ट मोठी आहे, स्टॉक कमी पडेल पण हे कापड मी पेशंटच्या खाली घालणार नाही.

त्यांचं बरोबर होतं. कापड सीएसएसडीत, म्हणजे निर्जंतुक करायच्या विभागात, १२१ नाहीतर १३४ अंशाच्या दाबाखालच्या वाफेत ऑटोक्लेव्ह होऊनच ओटीत जातं, म्हणजे जंतू मरतात हे मान्य, पण डाग आहे म्हणजे तिथं काहीतरी उरलेलं आहे, आणि त्या वाफेत ते आणखी पक्कं बसतं, मग जन्मात निघत नाही. आणि बाईला सीझरसाठी आत घेताना तिला चादरीवर दुसऱ्या कुणाच्या तरी रक्ताचा डाग दिसला तर तिला काय वाटेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही कधी. कापड स्वच्छ असणं आणि स्वच्छ दिसणं, दोन्ही आमचंच काम आहे.

आता आमचं धुणं कसं चालतं ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मशिनमध्ये रक्ताचा माल गेला की आधी दोन वेळा नुसत्या पाण्याचा फ्लश असतो, साबण नाही, गरम नाही. रक्त पाण्यात सुटतं आणि ड्रेनला जातं. मग मेन वॉश, त्यात डिटर्जंट आणि अल्कली, आणि इथं पाणी ७१ अंशावर २५ मिनिटं ठेवतो. हा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या गाइडलाइनमधला आकडा आहे, ब्रिटनमध्ये ६५ ला १० मिनिटं किंवा ७१ ला ३ मिनिटं असं धरतात, आपण कुठलाही घ्या, मुद्दा एवढाच की जंतू मारायला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. त्यानंतर साठच्या आसपास ब्लीच, मग रिन्स, मग शेवटी थोडं ॲसिड, कापडातली अल्कली मारायला.

यात पहिला फ्लश गार असणं हे सगळ्यात महत्त्वाचं, मेन वॉशपेक्षाही. रक्तात अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन ही प्रथिनं असतात आणि प्रथिनाला उष्णता लागली की ते उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठतं, मग ते धाग्यात अडकून बसतं आणि पुढं कितीही साबण घाला उपयोग नाही. म्हणून आमच्या धंद्यात पहिल्या फ्लशला पाणी ३८-४० च्या वर जाऊ देत नाहीत. घरोघरी बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही, रक्ताचा डाग आधी गार पाण्यात हे आई-आजीनं सांगितलेलंच असतं.

तर डाग बघून पहिला संशय ऑपरेटरवर जातो, की घाईत फ्लश कापला आणि डायरेक्ट गरम मारलं. पण आमचा प्रोग्रॅम लॉक आहे, पोरगा इच्छा असून स्टेप उडवू शकत नाही, आणि पोरगा चांगला आहे. केमिकल पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावलं, तो आला, चादर उन्हात धरून बघितली आणि म्हणाला हायपोचा, म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचचा डोस वाढवा. मला ते पटलं नाही. एकतर जास्त हायपोनं कापड कुजतं, सहा महिन्यात चादरीतून बोट आरपार जातं. आणि दुसरं म्हणजे ओटीत पेशंटची कातडी साफ करायला क्लोरहेक्सिडिन वापरतात, ते चादरीवर सांडतं, आणि क्लोरहेक्सिडिन लागलेल्या कापडावर क्लोरीनचं ब्लीच पडलं की तपकिरी डाग उठतो, कायमचा. हे लाँड्रीवाल्यांना माहिती पाहिजे पण बऱ्याच ठिकाणी नसतं. म्हणजे डाग त्याचा असेल तर हायपो वाढवून आगीत तेलच.

हा क्लोरहेक्सिडिनचा संशय माझ्या मनात चांगला तासभर होता. पण मग लोडचं रजिस्टर काढून बसलो. आम्ही प्रत्येक लोडची वेळ, कुठल्या विभागाचा माल, कुठलं मशिन हे लिहून ठेवतो आणि चादरीला बॅचचा टॅग असतो. डाग असलेल्या चादरी एकेक करून रजिस्टरशी जुळवल्या तर त्या सगळ्या दुपारच्या. बारा ते पाच. सकाळी सातला आणि साडेआठला त्याच ओटीचा रात्रीच्या इमर्जन्सीचा माल धुतला होता, तोच ऑपरेटर, तेच मशिन, तोच हायपो, तेच क्लोरहेक्सिडिन, आणि एकाही चादरीवर डाग नाही. उलट रात्रीचं रक्त तर जास्त वाळलेलं असतं, ते निघायला अवघड, तरी ते स्वच्छ.

मग दुपारी काय वेगळं आहे? मी हा प्रश्न तिथंच सगळ्यांसमोर विचारला, बॉयलरवाले काका होते, ऑपरेटर होता, आणि माल वेगळा करणाऱ्या मावशी होत्या. मावशी पारशिवनीकडच्या, त्यांच्या माहेरी परटाचाच धंदा. त्या हातातले ग्लोव्ह काढत सहज म्हणाल्या, "जी, दुपारी तं नळाखाली हात धरवत नाही, पानी पोळते. मी तं बादली भरून घंटाभर ठेवतो आन् मंगच हात धुतो."

झालं. सगळे गप्प. काका एकदम वर बघायला लागले, छताकडे.

आमचं पाणी गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाक्यांतून येतं आणि टाकीपासून लाँड्रीपर्यंतचा पाइप लोखंडी, त्याचा मोठा भाग उघड्या गच्चीवरून उन्हात जातो. मशिनच्या प्रोग्रॅममध्ये फ्लशला 'कोल्ड' लिहिलेलं आहे पण त्याचा अर्थ फक्त इतकाच की मशिन ते पाणी तापवत नाही, जसं नळातून येईल तसं घेतं. आणि आमचं मशिन जुनं आहे, ते टेंपरेचर फक्त तापवायच्या स्टेपलाच दाखवतं, फ्लशच्या वेळी पॅनलवर नुसती मिनिटं दिसतात. त्यामुळं आत किती अंशाचं पाणी चाललंय हे बघायची सोयच नव्हती.

हॉस्पिटलच्या किचनमधून प्रोब थर्मामीटर मागवलं, जेवण तपासायला असतं ते. भर दुपारी, दोन वाजून गेलेले. इनलेटचा व्हॉल्व्ह उघडून बादलीत पाणी घेतलं, पहिलं पाणी, जे पाइपात उभं होतं, ते ५४. थोडं वाहू दिल्यावर ४६ ला येऊन थांबलं, ते टाकीचं. खाली जमिनीतल्या संपचं पाणी दोरीनं बादली सोडून काढलं, ते ३०. म्हणजे एकाच आवारात, एकाच नळयोजनेचं पाणी, आणि चोवीस अंशांचा फरक.

तरीपण मला नुसत्या आकड्यावर थांबायचं नव्हतं. नुकताच आलेला ओटीचा माल पडलेला होता, त्यातले दोन ड्रेप घेतले, दोन्ही कंडेमला, म्हणजे बाद व्हायला जायच्या लायकीचे पण रक्त सारखंच लागलेलं. एक संपच्या पाण्याच्या बादलीत, एक पाइपच्या पहिल्या पाण्याच्या बादलीत. मी आणि मावशी दोघं ग्लोव्ह, ॲप्रन घालून उभे. संपच्या बादलीत दोन मिनिटात पाणी लालभडक झालं, कापड हलवलं की ढगासारखं रक्त सुटत होतं. दुसऱ्या बादलीतलं पाणीही आधी लाल झालं पण मग ते गढूळ, तपकिरी दिसायला लागलं आणि डागाच्या मधोमध जिथं रक्त जाड होतं तिथं बोटाला चिकट, रबरासारखं लागत होतं. मग दोन्ही ड्रेप खूण करून एकाच मशिनमध्ये, एकाच मेन वॉशला टाकले. बाहेर आले तेव्हा संपचा ड्रेप स्वच्छ आणि दुसऱ्यावर तोच डाग, कडेला गडद रेघ, आत फिकट. सिस्टर स्वतः खाली आल्या होत्या बघायला. त्यांनी दोन्ही ड्रेप हातात घेतले आणि मावशींना म्हणाल्या, "अहो मावशी, तुम्हाला आधीच का नाही विचारलं कुणी." मला ते फार लागलं, चांगल्या अर्थानं. जी बाई रोज त्या पाण्यात हात घालते तिला ते पाणी कसं आहे हे सगळ्यात आधी माहिती असणार, कुठल्याही पॅनलच्या आधी.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंतचा प्रश्न स्टॉकचा होता. तात्पुरतं असं केलं की रक्ताचा सगळा माल संपच्या पाण्यात हौदात भिजवायचा, मोटर लावून होजनं पाणी घ्यायचं, आणि रक्त सुटल्यावरच मशिनला द्यायचा. रात्री उशिरापर्यंत सगळे थांबले, काका तर ड्युटी संपूनही गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीची लिस्ट एकही केस न ढकलता पार पडली.

डाग बसलेल्या चादरींचं काय, तर त्यातल्या बऱ्याच वाचल्या. एन्झाइमवाला सोक केला, म्हणजे प्रथिनं तोडणारं प्रोटीएज घातलेल्या पाण्यात भिजवलं, पाणी ४० ते ४५ वर धरून कित्येक तास. इथं परत टेंपरेचरच, गारठ पाण्यात एन्झाइम आळशी असतं आणि साठच्या पुढं नेलं तर ते स्वतःच प्रथिन असल्यामुळं मरतं. लोक एन्झाइमची महाग पावडर आणतात आणि उकळत्या पाण्यात घालतात, पैसे गटारात. त्यानंतर ऑक्सिजन ब्लीच ६० वर, कारण त्यातल्या परकार्बोनेटला चांगली उष्णता लागते. ज्या चादरी आधीच ऑटोक्लेव्हमधून जाऊन आल्या होत्या त्यातल्या काही मात्र नाहीच सुटल्या, त्या कंडेम.

कायमचा उपाय प्लंबरनं केला, फ्लशसाठी संपवरून वेगळी लाइन, सावलीतून. गच्चीच्या टाकीचं तापलेलं पाणी आता मुद्दाम मेन वॉशला घेतो. ३० च्या ऐवजी ४५ चं पाणी मिळालं तर दर शंभर लिटरमागं पावणेदोन युनिटइतकी उष्णता वाचते, आणि आमच्याकडं दिवसाला हजारो लिटर पाणी लागतं, तर बॉयलरच्या डिझेलमध्ये ते दिसतं. ऊन फुकट आहे, फक्त योग्य स्टेपला वापरायचं.

मला वाटतं हे विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या प्रत्येक घराला लागू आहे म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. घरच्या टॉपलोड मशिनला बहुतेक वेळा हीटरच नसतो, 'कोल्ड' म्हणजे गच्चीवरची टाकी देईल ते. मे महिन्यात दुपारी मशिन लावलं तर ते पाणी ४५ चं असू शकतं, मग त्यात लोकरीचा स्वेटर, पैठणी, रेशमी ब्लाउज, कच्च्या रंगाचे कपडे घालू नका. लोकर गरम पाण्यात घुसळली की आटते, धाग्यावरचे खवले एकमेकांत अडकतात आणि मग ती परत सैल होत नाही. रेशमाला रिठ्याचं पाणी आणि तेही गार. रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग असतील तर बादली आदल्या रात्री भरून घरात ठेवा, सकाळी त्यात भिजवा.

आणि जानेवारीत बरोबर उलटं होतं. नागपुरात रात्री पारा दहाच्या खाली जातो, सकाळी टाकीचं पाणी इतकं गार असतं की पावडर विरघळत नाही, काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे राहतात, आणि तुपातेलाचे डाग तर थिजून तसेच बसतात. तेव्हा त्याच मशिनमध्ये एक बादली कढत पाणी ओतून साधारण ४० ला आणलं की काम होतं. घरात कुणाला खरूज झाली असेल तर त्याच्या चादरी, टॉवेल, आतले कपडे मात्र ऋतू कुठलाही असो कडक गरम पाण्यातच, ५० अंशाला १० मिनिटं दिली की खरजेचे किडे आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात.

आमच्या लाँड्रीत आता इनलेटला थर्मामीटर बसवलाय, साधा घड्याळासारखा डायलवाला, आणि रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आहे, फ्लशच्या पाण्याचे अंश. तो मावशी भरतात.