सायझिंगच्या बॉयलरला पांढरा कोळसा

इचलकरंजीत आमचं सायझिंग आहे. ताण्याच्या (कापडातल्या उभ्या) सुताला खळ लावायची आणि गरम सिलिंडरवर ते सुकवायचं, म्हणजे वाफ दिवसरात्र हवीच. बॉयलर तासाला 2 टन वाफेचा, दाब चौरस सेंटिमीटरला 10.54 किलो, शेगडीवर हातानं कोळसा टाकायचा. कोळशाच्या दराचा भरवसा उरला नाही तेव्हा ब्रिकेटवर, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या ठोकळ्यांवर जायचं ठरवलं. बाजारात त्याला पांढरा कोळसा म्हणतात, असतो तपकिरी.

बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, का नाही, असं सगळ्यांनी विचारलं. साखर कारखाने चारी बाजूंना आहेत खरे, पण ते बगॅस स्वतःच जाळून वीज करतात. शिवाय गिरणीतून आलेल्या बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं. म्हणून सोयाबीनचं भुस्कट आणि लाकडाचा भुसा दाबून केलेली 90 मिमीची ब्रिकेट घेतली.

प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे परवान्यात, इंधन बदलून घेतलं. बॉयलरच्या नळ्या आणि शेलला (बाहेरच्या टाकीला) हात लावला नाही, त्यामुळे बाष्पके संचालनालयाकडे नव्या मंजुरीसाठी जावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी चिमणीतून असा काळा धूर निघाला की शेजारचे यंत्रमागवाले गेटवर आले. फायरमन मामा फावडं टेकवून म्हणाले, "मालक, ह्यो कोळसा न्हाई, कडबा हाय. वरनं वारा पायजे ह्येला." अगदी बरोबर होतं ते. कोळसा बराचसा शेगडीवरच जळतो. ब्रिकेटचा तीन चतुर्थांश भाग वायू होऊन वर जातो आणि तिथं पेटतो. आम्ही सगळी हवा खालूनच देत होतो. शेगडीच्या वर हवेचे नोझल बसवले, खालच्या हवेची झडप (डॅम्पर) आवळली, थोडं थोडं पण वारंवार टाकायला लागलो. धूर गेला.

पण खरा फटका मे महिन्यात बसला. आमचा कोळसा किलोला 5000 किलोकॅलरीचा, ब्रिकेट 3800 चं. एक टन कोळशाच्या जागी 1.3 टन ब्रिकेट, हा हिशेब मी केला होता; ते जागा किती खाईल, हा केला नव्हता. गोडाऊन भरलं, उरलेला माल ताडपत्रीखाली अंगणात. वळवाची एक सर आली, ताडपत्री उडाली. ब्रिकेट भिजून फुगलं आणि सकाळी अंगणात नुसता भुसा. दोन गाड्यांचा माल होता. बायको म्हणाली, "आता म्हशी पाळा."

नंतर शेड बांधली. सोयाबीनच्या राखेत पोटॅश जास्त, ती वितळून शेगडीवर काचेसारखी बसायची आणि मामांना सळईनं फोडावी लागायची. आता पुरवठादाराला लाकडाचा भुसा वाढवायला सांगितलंय. भुस्कटाबरोबर माती येते तीही पकडतो: प्रत्येक गाडीतलं एक ब्रिकेट जाळून राख तराजूवर घालतो. राख जास्त निघाली म्हणून दोन गाड्या तशाच परत पाठवल्या.

कोळशाची राख उचलायला पैसे द्यावे लागायचे. ही राख मामांचे मेहुणे शेतात टाकायला पोत्यांनी नेतात, आणि पोती मात्र परत आणत नाहीत.