‘दहा लाखांत एक’ या आकड्याचा अर्थ

घटनास्थळावरचे रक्त आणि आरोपीचा डीएनए जुळतो व अशी जुळणी योगायोगाने होण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे, असे ऐकले की आरोपी निर्दोष असण्याची शक्यताही तेवढीच, असे मन परस्पर ठरवून टाकते. ही गल्लत मला फार गंभीर वाटते. निर्दोष माणसाचा डीएनए जुळण्याची शक्यता ही एक गोष्ट आणि डीएनए जुळलेला माणूस निर्दोष असण्याची शक्यता ही अगदी वेगळी.

समजा, गुन्हा करू शकले असते असे पन्नास लाख लोक एका महानगरात आहेत आणि आरोपी केवळ डीएनएच्या नोंदी चाळताना सापडला आहे. त्याच्याविरुद्ध दुसरे काहीच नाही. रक्त ज्याचे आहे तो एक जुळणारच, शिवाय पन्नास लाखांत आणखी पाचेक जण योगायोगाने जुळतील. तेव्हा ते रक्त आरोपीचेच असण्याची शक्यता साधारण सहांत एक. पण गुन्हा घडलेल्या खोलीची किल्ली फक्त शंभर जणांकडे होती आणि आरोपी त्यांपैकी एक आहे, असे अन्य पुराव्याने सिद्ध झाले, तर उरलेल्या नव्व्याण्णवांत दुसरा कोणी जुळण्याची शक्यता दहा हजारांत जेमतेम एक उरते. आकडा तोच, बदलला तो आधीचा पुरावा. आधीच्या माहितीशी नवा पुरावा जोडून शक्यता काढण्याचा बेझचा गणिती नियम सांगतो तो एवढाच.

१९९९ मध्ये इंग्लंडमध्ये घरफोडीच्या एका प्रकरणात डीएनएच्या साखळीवर तपासलेल्या सहा स्थानांची जुळणी झाली. योगायोगाची शक्यता तीन कोटी सत्तर लाखांत एक होती. संशयित मात्र सुमारे दोनशे मैल दूर राहणारा, पार्किन्सन्सने जखडलेला माणूस होता. दहा स्थाने तपासल्यावर तो सुटला.

प्रयोगशाळेतील चुकीचा हिशेब तर बहुधा राहूनच जातो. नमुन्यांची अदलाबदल किंवा भेसळ होऊन चुकीची जुळणी नोंदली जाण्याची शक्यता हजारांत एक धरली, तरी अब्जांत एकचा आकडा निरर्थक ठरतो, कारण पुराव्याचे वजन, म्हणजे तो संशयाचे पारडे किती पटींनी जड करतो ते, मग हजारपटीपलीकडे जात नाही.

ज्यूरीपुढे बेझचे सूत्र मांडण्यास इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९६ मध्ये नापसंती दर्शवली, हे मला पटत नाही. मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालात त्याच न्यायालयाने दिलेली सूचना मोलाची आहे: तज्ज्ञाने डाग आरोपीचाच असल्याची शक्यता सांगू नये, अशी जुळणी देशात सुमारे किती जणांशी होऊ शकेल, ते सांगावे.